मदतीने करते

फॉर्मला तीन रकाने होते. स्वतः करते, मदतीने करते, करत नाही. डाव्या बाजूला प्रश्नांची रांग. हाताने जेवते का, पाणी ओतून घेते का, दात घासते का, कपडे घालते का, बटणं लावते का, चपला घालते का, संडासला जाऊन आल्यावर स्वतःची स्वच्छता करते का. मी पर्समधलं पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत तिसऱ्या रकान्यात टिकमार्क करत गेले. एकाही प्रश्नापाशी थांबले नाही. पाच मिनिटांत फॉर्म भरून झाला. शेजारच्या खुर्चीत माझी लेक बसली होती, तिला काही विचारावं हे मनातही आलं नाही. उलट स्वतःचं कौतुक वाटलं, की बघा, मी कशी काही न लपवता खरं ते लिहिते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला लागले की मी स्वतःला सावरून घेईन. तशी सवय आहे मला.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्मल्यावर रडायला तिला उशीर झाला आणि तेवढ्या वेळात मेंदूला जे व्हायचं ते झालं. उजवा हात कोपरातून वळलेला, मूठ मिटलेली. उजवा पाय थोडा फरपटतो. बोलते, पण शब्द वेळ घेऊन येतात, आणि समोरच्याला घाई असली तर येतच नाहीत. समजतं मात्र सगळं. माझा राग तर मी तोंड उघडायच्या आधी समजतो.

पाचवीपर्यंत ती आमच्या बिल्डिंगमागच्या शाळेत गेली. सहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, बाई एक आणि मुलं साठ, एका मुलीकडे बघायला कोणी मोकळं नाही, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. मग कोणीतरी काशीमीऱ्याच्या अलीकडची एक खास शाळा सुचवली. तिथे मोठ्या मुलींचा एक वर्ग होता. वाचायला शिकवत, शिवण शिकवत, स्वयंपाकातलं जमेल तेवढं शिकवत. एकच जागा शिल्लक होती. ती मिळाली तर लेक रोज सकाळी दप्तर घेऊन घराबाहेर पडणार होती. नाही मिळाली तर घरी. घरी म्हणजे मी कामावर, हे कामावर, आणि ती टीव्हीसमोर. यंदा, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी.

तुम्ही म्हणाल, जागा हवी होती तर मग सगळीकडे 'करत नाही' कशाला लिहिलंस बाई? त्याचंही सांगते. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला आम्ही सरकारी हॉस्पिटलात गेलो होतो ना, तिथल्या रांगेत मला सगळ्यांनी शहाणं केलं होतं. काही येत असलं तरी सांगू नका, पोरीला चालायला लावलं तर हात धरा, जेवढं वाईट सांगाल तेवढं काम लवकर होतं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कागद दिसला की रडगाणं लावायचं. आणि खरं सांगायचं तर मला काही खोटं बोलावंही लागलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना तिला काहीच येत नव्हतं.

मी काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. माल कुठल्या गाडीत चढला, कागद तयार आहेत का, गाडी वेळेत सुटली का, हे बघायचं माझं काम. मला ते चांगलं जमतं. ड्रायव्हर लोक मला टरकून असतात, कारण मी बोलायला फटकळ आहे आणि कोणाचं ऐकून घेत नाही. घरीसुद्धा माझा तोच खाक्या. सकाळी सात वाजता लेकीची शाळा, साडेसातला माझी कंपनीची बस. तेवढ्यात तिला उठवायचं, दात घासायचे, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, वेणी घालायची, दोन घास भरवायचे. हे सगळं मीच करायचे, भराभर, एकीकडे गॅसवर भाजी ठेवून. 'हात वर. पाय पुढे. तोंड उघड. चल लवकर, गाडी सुटेल.' दहा वर्षांत मी तिच्याशी जेवढी वाक्यं बोलले असेन त्यातली निम्मी हीच असतील.

आणि ती काय म्हणायची? 'आई कर.'

तेवढंच. पाण्याचा तांब्या दिसला, 'आई कर.' फ्रॉक दिसला, 'आई कर.' मला वाटायचं, बिचारी, काय करणार.

तर त्या शाळेची थेरपिस्ट बाई मुलांना आधी तपासून घ्यायची. तपासणं म्हणजे सुई नाही, औषध नाही. एक मोठी खोली, तिच्यात घरासारखं सगळं मांडलेलं. बुटकं टेबल, जग, ग्लास, ताट-वाटी, कोपऱ्यात बादली आणि प्लास्टिकचा मग, खुंटीला एक शर्ट. ती बाई पोरसवदा, केस वर बांधलेले, आवाज हळू. तिने सुरुवात हिंदीत केली. तिथे येणाऱ्या निम्म्या आया हिंदी बोलणाऱ्या, तिला ती सवय. मी तिला मध्येच तोडलं.

"मराठीत बोला हां. आमच्या घरात मराठीच आहे. तिला हिंदी येत नाही."

भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांशी मीच दिवसभर हिंदीत बोलते. पण लेकीच्या बाबतीत माझा हट्ट होता. माहेर रत्नागिरीकडचं, तिथल्या बायकांनी एकदा ऐकवलं होतं की भाईंदरला राहून तुमचं मराठी बाटलं. ते लागलं होतं मनाला.

"चालेल की," बाई म्हणाली आणि मराठीत सुरू झाली. लेकीसमोर तिने जग ठेवला. "ग्लासात पाणी ओतशील?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. "आई कर."

मी उठलेसुद्धा.

"ताई, तुम्ही बसा," बाई म्हणाली.

मग खुंटीवरचा शर्ट दिला. लेकीने तो मांडीवर घेतला, डाव्या हाताने एकदा कॉलरवरून हात फिरवला, आणि परत माझ्याकडे बघितलं. "आई कर." मग ताटात पोळी ठेवली, तुकडा मोडायला सांगितला. "आई कर." तिसऱ्या वेळी मला हसू आलं. मी त्या बाईला म्हटलं, "बघा, मी फॉर्ममध्ये लिहिलंय तसंच आहे ना?"

त्या हसण्याची आठवण झाली की मला आजही कुठे तोंड लपवू असं होतं. पोर माझी, नापास होत होती, आणि मी माझं उत्तर बरोबर आलं म्हणून खूश.

बाईने मला विचारलं, "तिला जमत नाही, की ती करत नाही?"

"एकच ना ते."

"नाही हो ताई, एक नाही ते."

मला तिचा रागच आला. काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी, हिने कधी अशा पोरीचं गू-मूत काढलंय का, आणि ही मला शब्द शिकवते. मी तसं काही बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार. मग तिने शांतपणे शाळेचा नियम सांगितला. मोठ्या मुलींच्या वर्गात एकच बाई आणि एकच मावशी असते. मुलीला जेवण, कपडे, संडास हे आपलं आपण किंवा थोड्या मदतीने करता यायला हवं. सगळंच दुसऱ्याने करायचं असेल तर त्या वर्गात घेता येत नाही.

म्हणजे इथे उलटा हिशेब होता. मी घाईघाईने म्हटलं, "अहो मग द्या तो फॉर्म, मी परत भरते. थोडंथोडं येतं तिला तसं."

बाईने मला हिणवलं नाही, टोमणा मारला नाही. मग तिने विचारलं, "तुम्ही कामावर असता तेव्हा तिच्याजवळ कोण असतं?"

"शेजारच्या बा असतात. पण त्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना यातलं काय कळणार?"

तिने एक कोरा फॉर्म काढून माझ्या हातात दिला. "हा त्यांना विचारून भरा. तुम्ही नका भरू, त्यांना विचारा. पुढच्या आठवड्यात परत या."

बा म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती आजी. मुलगा-सून सकाळी दुकानात जातात ते रात्रीच येतात, बा दिवसभर एकट्या. सासूबाई गेल्या तेव्हा लेकीला दुपारी कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला होता, तर बा आपणहून म्हणाल्या होत्या, 'मेरे पास छोड दो.' तेव्हापासून चार वर्षं लेक शाळेतून आली की त्यांच्याकडे. मी सहा वाजता येऊन घेऊन जायची. दारातूनच. 'चलो बा, थँक्यू हां,' की निघाले. चार वर्षांत मी त्यांच्या घरात टेकून बसले असेन ती फार तर दोनदा, दिवाळीला.

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग विचार ना बांना."

"बांना मराठी वाचता येतं का? मीच भरते, त्यांची सही घेऊ."

"बाईंनी तुला भरू नको म्हटलंय ना?"

"म्हणू दे."

आणि बसले जेवणाच्या टेबलाशी. या वेळी पहिला रकाना. स्वतः करते, स्वतः करते, स्वतः करते. लेक तिथेच जमिनीवर बसून टीव्ही बघत होती. पहिल्या फॉर्मात तिला काहीच येत नव्हतं, आता सगळं येत होतं, आणि दोन्ही वेळा मी मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं. निम्मा फॉर्म झाल्यावर भाजी लागल्याचा वास आला म्हणून उठले. फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.

शनिवारी वरसाव्याला पुलापाशी ट्रॅफिक तुंबलं, आमच्या दोन गाड्या त्यातच अडकल्या आणि पुढचं लोडिंग थांबलं. साहेब म्हणाले, जायचं तर जा आज. मी अडीचलाच रिक्षा करून घरी आले. म्हटलं चला, बांची सही घेऊन टाकू आणि लेकीलाही लवकर नेऊ.

बांचा लाकडी दरवाजा उघडा होता, जाळीचा लावलेला. मी बेल वाजवणार तेवढ्यात आत नजर गेली आणि हात तसाच राहिला.

लेक जमिनीवर पाय पसरून बसली होती. समोर दोन स्टीलचे ग्लास. ताकाचा मोठा जग तिने छातीशी धरला होता. कशाने धरला होता तर त्या वळलेल्या उजव्या हाताने, ज्याला मी अकरा वर्षं निकामी म्हणत आले. तो हात तिने जगाच्या पोटाला असा लावला होता की जग जरा म्हणून हलत नव्हता. डाव्या हाताने कान धरून ती जग वाकवत होती. जीभ बाहेर, सगळं ध्यान त्या धारेवर. थोडं ताक सांडलं. शेजारी फडकं घडी करून ठेवलेलं होतं. तिने जग खाली ठेवला, सांडलेलं पुसलं, फडकं परत जागेवर ठेवलं आणि दुसरा ग्लास भरायला घेतला.

बा खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. तिच्याकडे बघतही नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "धीरे धीरे, बेटा. कोई गाडी नहीं छूट रही."

"मैं करती," लेक म्हणाली. "तुम बैठो."

स्पष्ट. न अडखळता. त्या भाषेत, जी तिला येत नाही असं मी छातीठोक सांगून आले होते.

मी जाळीला हात लावला असेन, आवाज झाला. लेकीने वर बघितलं. मी दिसले. तिने जग पटकन खाली ठेवला, दोन्ही हात फ्रॉकखाली घेतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई कर."

काय करायचं होतं मी? दोन्ही ग्लास भरलेले होते.

बांनी दार उघडलं, मला बसायला सांगितलं. मी त्यांच्या सोफ्यावर बसले आणि मला दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, ती कुठे गेलीच नव्हती, मी तिच्याकडे कानाडोळा केला होता. मी आंघोळीला गेले होते तेव्हा लेकीने आपणहून पातेल्यातलं दूध कपात ओतायचा घाट घातला होता. पातेलं निसटलं. ओट्यावर माझे डिस्पॅचचे कागद होते, साहेबांनी आदल्या दिवशी घरी तपासायला दिलेले. सगळे भिजले. मी बाहेर आले, बघितलं, आणि तिच्या हातावर फटका मारला. जोरात. उजव्या हातावर, तो माझ्या बाजूला होता. म्हटलं, "कशाला हात लावायचा नाही. तुला येत नाही ते." संध्याकाळी येताना चॉकलेट आणलं. तिने खाल्लं. मला वाटलं, झालं, विसरली.

ती विसरली नव्हती. तिने नियम करून घेतला होता. आईसमोर कशाला हात लावायचा नाही.

मी पर्समधून फॉर्म काढला. काय करणार, आलेच होते त्यासाठी. बांना म्हटलं, स्कूलवालों ने पूछा है, मैं पढती हूं, आप बताओ. आणि एकेक प्रश्न हिंदी करून वाचायला लागले.

"पानी खुद लेती है?"

"अभी देखा ना तुमने."

"खाना?"

"खुद. रोटी मैं तोड के नहीं देती. थाली के नीचे भीगा कपडा रखो तो सरकती नहीं, फिर तोड लेती है."

थाळीखाली ओलं फडकं. बस्स, एवढंच. माझ्या घरात फडक्यांना काही तोटा नव्हता.

"कपडे?"

"पहनती है. पहले टेढा हाथ डालती, फिर अच्छा वाला. नीचे के तीन बटन वो लगाती, ऊपर का मैं."

"संडास?" हे विचारताना माझा आवाज खाली गेला.

"अकेली जाती. अंदर से बोलती है, बा, आना मत. बडी हो गई ना अब."

मी त्या दिवशीही सकाळी तिला स्वतः धुतली होती. दार उघडं टाकून, एक डोळा गॅसवर ठेवून. अकरा वर्षांची मुलगी. ती तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहते, ते मला माहीत होतं. मला वाटायचं तिला तोल सांभाळायला भिंत लागते.

माझ्या हातातल्या फॉर्मवर निम्म्या खुणा आधीच होत्या. मीच घरी ठोकून दिलेल्या खोट्या खुणा, आणि आता त्यातल्या कितीतरी खऱ्या निघत होत्या. जिथे नव्हत्या तिथे खोडून मधल्या रकान्यात केल्या. वरचं बटण, वेणी, चपलेचा पट्टा. फॉर्मवर खाडाखोड झाली. बा बघत होत्या, पण त्यांनी विचारलं नाही.

शेवटी मीच विचारलं, "बा, मेरे को बताया क्यों नहीं?"

"बताया था बेटा. दो बार. तुम बोली, बा, बाद में, देर हो रही है."

मला आठवलं. अगदी जिन्यातली जागासुद्धा आठवली.

"फिर ये बोली, मम्मी को मत बोलना. मार पडेगी." मेथीच्या काड्या कागदात गुंडाळत बा सहज बोलल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला वाटत होतं बांनी आपलं गुपित फोडलं, आता घरी गेल्यावर काय होतंय. ते तिच्या तोंडावर इतकं उघड दिसत होतं की मी तिच्याकडे बघूच शकले नाही. ताकाचा ग्लास उचलला आणि प्यायले. तिने ओतलेलं पहिलं काही मी प्यायले ते असं, मान खाली घालून.

पुढच्या आठवड्यात मी बांना बरोबर घेऊन गेले. थेरपिस्ट बाईने खाडाखोड केलेला फॉर्म बघितला. "हे असं का?" तिने विचारलं. मी सांगितलं. सगळं नाही, पण आधी मीच खोटं भरलं होतं हे सांगितलं. दुधाचंही सांगितलं. ती म्हणाली, "आज तुम्ही बाहेर बसा. बा आत येतील."

बाहेर पॅसेजमध्ये बाक होता. माझ्या शेजारी आणखी एक आई बसली होती, मांडीवर मुलाचं दप्तर. ती म्हणाली, "अंदर आपकी बच्ची है?"

"हां."

"साथ में कौन गई? दादी?"

"हां," मी म्हटलं. शेजारीण म्हणायला जीभ रेटेना. परक्या बाईबरोबर करते आणि माझ्याबरोबर करत नाही, हे कोणाला काय सांगायचं.

आतून आवाज येत होते. ग्लास टेबलावर ठेवल्याचा. काहीतरी पडल्याचा. मी उठायला गेले आणि बसले. मग बांचा आवाज, मग लेकीचा. "मैं करती." थोड्या वेळाने परत, "मैं करती." मी मोजलं नाही, पण बऱ्याच वेळा आला तो आवाज. शेजारची आई म्हणाली, "अच्छा बोलती है." मी मान हलवली.

जागा मिळाली. जूनपासून लेक त्या शाळेत जायला लागली. आनंद झाला का, तर झाला, न होऊन कसं चालेल. बांना पेढे दिले, रत्नागिरीला फोन केले. फोनवर सगळ्यांना सांगितलं की परीक्षा घेतली, सगळं केलं तिने. माझ्या फॉर्मचं कोणाला सांगितलं नाही.

घरी मात्र काही बदलेना. मी उजळणी करावी तशी सगळी तयारी केली. थाळीखाली ओलं फडकं ठेवलं. पुढून बटणं असलेला फ्रॉक आणला. सकाळी अर्धा तास आधी उठायला लागले. जग भरून तिच्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "घे पाणी. सांडलं तर सांडू दे. आई ओरडणार नाही." ती जगाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. "आई कर." मी हिंदीत बोलून बघितलं, बांसारखं. "तू कर, बेटा. मैं बैठी हूं." ती चमकून बघायला लागली माझ्याकडे, मला काही झालंय की काय असं. माझं मलाच हसू आलं आणि लगेच रडू. एकदा मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "मी तुला मारलं ना तेव्हा, दूध सांडलं तेव्हा. चुकलं माझं." तिने माझ्या गालाला डाव्या हाताने हात लावला. मग जगाकडे बोट करून म्हणाली, "आई कर."

असे तीन-चार आठवडे गेले. एका रविवारी दुपारी मी जग ठेवला आणि काही न बोलता बसून राहिले. ती पण बसून राहिली. बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "तू जा."

"कुठे जाऊ?"

तिने दाराकडे बोट केलं. "जा. बघू नको."

मी गेले. बेडरूममध्ये जाऊन पलंगाच्या कडेला बसले. आधी काहीच ऐकू येईना. मग जग टेबलावरून ओढल्याचा आवाज, मग पाण्याचा. सांडलंही. टपटप आवाज आला जमिनीवर. माझे पाय आपोआप उचलले जात होते, मी ते दाबून धरले. मग फडकं घासल्याचा आवाज. मग तिने हाक मारली, "ये."

ग्लास भरलेला होता. तिचे हात मांडीवर होते, जसे काही तिने काहीच केलं नव्हतं.

तेव्हापासून आमचं असंच चाललंय. फ्रॉक घालायचा असला की ती म्हणते, "जा." मी जाते. जेवायला बसली की पहिला तुकडा मोडायच्या आधी, "जा." मी ताट वाढते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते, खाली रिक्षांची भांडणं बघत. हे असले तर चालतात. ते टेबलाशी बसून पेपर वाचतात, ती जेवते. बा असल्या तर चालतात. मला एकटीला बाहेर जावं लागतं. कधीकधी यांना वाईट वाटतं, ते म्हणतात, "अगं, बसू दे ना आईला." ती मान हलवते. मी म्हणते, राहू दे.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेने सगळ्या आयांना परत बोलावलं. तीच थेरपिस्ट बाई, तोच फॉर्म, तेच तीन रकाने. या वेळी ती स्वतः एकेक प्रश्न विचारून लिहीत होती. मी एकेका प्रश्नापाशी थांबत होते, आठवत होते, मग सांगत होते. पाणी ओतून घेते का? कपडे घालते का? हाताने जेवते का?

"घरी, तुम्ही असताना," बाई म्हणाली. "स्वतः की मदतीने?"

"मदतीने," मी म्हटलं.

तिचं पेन मधल्या रकान्यावर थांबलं. "कसली मदत लागते?"

"मी खोलीतून बाहेर जाते," मी म्हटलं.

तिने वर बघितलं नाही. तसंच लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.